'कमी पाण्याचा तांदूळ' वसईच्या खाऱ्या शेतात चालेल का? पानावरच्या छिद्रांपासून समजून घेऊ

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज दर दोन महिन्यांनी फिरून येतो. हिरव्यागार भाताचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'शास्त्रज्ञांनी बनवला पाणी न लागणारा तांदूळ, आता दुष्काळ विसरा.' मागच्या वेळी हा मेसेज आला तेव्हा मी नायगावच्या पूर्वेला, खाडीजवळच्या एका शेताच्या बांधावर उभा होतो. शेत ज्यांचं, त्या काकांना मी फोन दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून मेसेज वाचला आणि म्हणाले, "पाणी न लागणारा? अरे बाळा, इथे पाणी कमी कुठेय? पाणी खारट आहे, तो प्रॉब्लेम आहे."

ते बरोबर होते. गंमत म्हणजे मेसेजमागची खरी बातमी त्यांच्याच प्रॉब्लेमची होती. ती फॉरवर्ड होता होता इतकी बदलली की ज्याच्या कामाची, त्यालाच ओळखू आली नाही.

खरी बातमी अशी. 4 मे 2025 रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी दिल्लीत भाताचे दोन नवे वाण जाहीर केले. दोन्ही जीनोम एडिटिंगने, म्हणजे भाताच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल करून तयार केलेले. एकाचं नाव डीआरआर धान 100, टोपणनाव 'कमला'. दुसऱ्याचं नाव पुसा डीएसटी राइस 1. डीएसटी म्हणजे ड्रॉट अँड सॉल्ट टॉलरन्स, अर्थात दुष्काळ आणि क्षार सहन करण्याची ताकद. फॉरवर्डमधून 'सॉल्ट' हा शब्द गळाला, तिथेच सगळा घोळ झाला. हे वाण ज्या राज्यांसाठी सुचवले त्यांत महाराष्ट्राचंही नाव आहे.

हा दुसरा वाण नेमकं काय करतो ते कळायला आधी पान कसं चालतं ते पाहावं लागेल. थोडा धीर धरा, जीवशास्त्राचा तास होणार नाही.

पानाला तोंडं असतात

भाताच्या पानाच्या दोन्ही बाजूंना, एका चौरस मिलिमीटरमध्ये काही शे इतक्या दाटीने, सूक्ष्म छिद्रं असतात. शाळेत त्यांना आपण पर्णरंध्रं म्हटलं होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड इथूनच आत येतो आणि त्यातूनच झाड साखर बनवतं, दाणा भरतं. पण दार उघडलं की आतली वाफ बाहेर पडणारच. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असं हवेत जातं, झाडाच्या अंगात फार थोडं राहतं. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू पकडायला भात पाण्याचे काही शे रेणू गमावतो. व्यवहार वाईट आहे, पण भाताकडे दुसरा नाही.

म्हणून प्रत्येक छिद्राला दार आहे. दोन रक्षक पेशी. त्यांत पोटॅशियम शिरलं की मागोमाग पाणी शिरतं, पेशी फुगतात, छिद्र उघडतं. पोटॅशियम बाहेर गेलं की पेशी सैल पडतात आणि छिद्र मिटतं. बहुतेक झाडांच्या रक्षक पेशी राजम्याच्या दाण्यासारख्या असतात. गवताच्या कुळात मात्र, म्हणजे भात, गहू, ज्वारी, बाजरी, मका या सगळ्यांत, त्या जिममधल्या डंबेलसारख्या असतात आणि शेजारी दोन मदतनीस पेशी असतात. हे डिझाइन चपळ आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका गटाने 2017 मध्ये भाताच्या दूरच्या नात्यातल्या एका गवतात या मदतनीस पेशी बनूच दिल्या नाहीत, तेव्हा त्याची छिद्रं सुस्तावली. ढग आला, ऊन पडलं, वारा सुटला, प्रत्येक वेळी तृणधान्य भराभर दार उघड-बंद करू शकतं ते या पेशींमुळे.

बंद करण्याचा हुकूम कोण देतं? मुख्यतः अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड नावाचं संप्रेरक. माती सुकायला लागली की त्याचं प्रमाण वाढतं, रक्षक पेशी ते ओळखतात आणि मिटतात. ओळखणारा रिसेप्टर शास्त्रज्ञांना 2009 मध्ये सापडला. हे संप्रेरक साठच्या दशकापासून माहीत होतं. म्हणजे मेसेज कळला होता, पण तो वाचतं कोण हे कळायला चाळीसेक वर्षं गेली.

छिद्रं मिटणं हा पहिला उपाय. दुसरा तुम्ही शेतात साध्या डोळ्यांनी पाहू शकता. दुपारी भाताची पानं सुरळीसारखी गुंडाळलेली दिसली तर पानाच्या वरच्या बाजूच्या मोठ्या, फुग्यासारख्या पेशींतलं पाणी ओसरलंय असं समजा. गुंडाळल्याने ऊन कमी लागतं, वाराही कमी लागतो. संध्याकाळी पानं पुन्हा उलगडली तर ठीक. सकाळीही गुंडाळलेलीच राहिली तर शेतकऱ्याचा चेहरा बघण्यासारखा राहत नाही.

तिसरा उपाय मेणाचा. ज्वारीच्या ताटावर बोट फिरवलंत तर पांढरी भुकटी लागते, ते मेण. त्यातून पाणी झिरपत नाही. भाताच्या अंगावर ज्वारीच्या मानाने मेण खूपच कमी. हजारो वर्षं चिखलात वाढलेल्या पिकाला रेनकोट कशाला लागेल?

बॅटरी सेव्हर आणि त्याची किंमत

आता फोनचं उदाहरण. बॅटरी पंधरा टक्के उरली की फोन बॅटरी सेव्हर सुरू करतो. स्क्रीन मंद होते, मागची अ‍ॅप्स थांबतात, मेल उशिरा येतात. फोन टिकतो, पण काम कमी करतो. छिद्रं मिटलेलं पीक अगदी तसंच. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही येत नाही, साखर बनत नाही. झाड उपाशी राहून तहान भागवतं.

उदाहरण एका जागी तुटतं. बॅटरी सेव्हरवर फोन थंड होतो, पान उलट तापतं. वाफ बाहेर पडणं हाच पानाचा कूलर आहे, आपल्या घामासारखा. छिद्रं बंद झाली की पानाचं तापमान हवेपेक्षाही वर जाऊ शकतं. हीच गोष्ट संशोधक उलटी वापरतात. थर्मल कॅमेऱ्याने शेताचा फोटो काढला की कुठलं रोप तहानलंय ते रंगावरून कळतं. बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. दुष्काळ, उष्णता, क्षार अशा ताणांत पीक कसं वागतं याचा अभ्यास हेच तिचं काम. नासाचं इकोस्ट्रेस नावाचं उपकरण 2018 पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून हेच मोजतंय: जमिनीवरची झाडं किती तापलीत, म्हणजेच किती तहानलीत.

तर 'कमी पाण्यात जास्त पीक' असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: दार कधी बंद होतं, आणि त्या वेळी पीक कुठल्या वयात असतं? भात पोटरीत असताना किंवा फुलोऱ्यात असताना ताण बसला तर लोंबी बाहेर येते, पण दाणे पोचट निघतात. तेच आठ दिवस रोप लहान असताना कोरडे गेले तर पीक बऱ्याचदा सावरतं.

हे गणित आपल्याकडे सगळ्यात चांगलं कोणाला जमतं? माझ्या मते सोलापूरच्या रब्बी ज्वारीला. तिथली मालदांडी, म्हणजे मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडलेला एम 35-1 हा वाण, कित्येक दशकं टिकून आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकनही आहे. पावसाळा सरता सरता पेरतात, पुढे पाऊस जवळपास नाही, जे काही पाणी ते काळ्या मातीत साठलेलं. ज्वारी मुळातच कार्बन पकडण्याची वेगळी, काटकसरी पद्धत वापरते. एका रेणूमागे भातापेक्षा खूप कमी पाणी घालवते. तरी खरी युक्ती वेळेची आहे. सुरुवातीला सगळं पाणी उडवलं तर दाणा भरताना माती कोरडी. हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेत ज्वारी-बाजरीच्या काही वाणांवर दिसलंय की भर दुपारी हवा फार कोरडी झाली की ते माती ओली असतानाही छिद्रं थोडी आवळून घेतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात डेटा पॅक संपवणारे आणि पुरवून वापरणारे, असे दोन प्रकार पिकांतही आहेत. (मी पहिल्या प्रकारातला.)

मग वसईत दुष्काळाचं काय काम?

सोलापूरची गोष्ट समजली, पण वसईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे दुष्काळ हा शब्द काढला तर लोक हसतील. जुलैमध्ये रस्त्यावर होडी चालवायची वेळ येते आणि तुम्ही पानांच्या तहानेचं काय सांगता?

दोन गोष्टी आहेत. पहिली, पाऊस एकूण किती यापेक्षा मध्ये किती दिवस थांबतो यावर भात ठरतो. 2023 चा ऑगस्ट आठवा. देशभरात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो, पाऊस सरासरीपेक्षा सुमारे 36 टक्के कमी. कोकणातला भात बहुतेक पावसाच्या भरवशावर. पावसाने ऐन ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओढ दिली तर आधीचे हजार मिलिमीटर समुद्रात गेलेले असतात, त्यांचा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट काकांची. वसईच्या दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची. मधल्या सखल पट्ट्यात मिठागरं आणि खाजणं. खाडीच्या कडेने बांध घालून, त्यात उघाड्या ठेवून, पिढ्यान् पिढ्या भातशेती राखली गेली. जूनचा पहिला जोरदार पाऊस मातीतलं मीठ धुऊन नेतो, मग लावणी करायची. बांध फुटला आणि उधाणाचं पाणी आत आलं तर शेत काही वर्षं तरी हातचं जातं. बांध शाबूत असला तरी पाऊस आठ-दहा दिवस थांबला की खालचं खारं पाणी मातीतून वर चढतं, जसं स्पंजमधून चढावं तसं. शेत ओलं दिसतं. रोप मात्र तहानेने पिवळं पडतं.

कारण मीठ पाण्याला धरून ठेवतं. मातीतलं पाणी फार खारट झालं की मुळांना ते ओढायला जड जातं, खूपच खारट झालं तर ओढताच येत नाही. रोपाला माती कोरडी आहे की खारट, फरक कळत नाही. तेच संप्रेरक वाढतं, तीच छिद्रं मिटतात. चिखलात उभ्या पिकाला बसलेला हा दुष्काळच.

वर आणखी एक संकट. जे पाणी रोप ओढतं त्याच्यासोबत सोडियमही वर चढतो. पाणी पानातून उडून जातं, मीठ पानातच राहतं. इलेक्ट्रिक किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो ना, तसं. पानाची टोकं आधी करपतात. आता विचार करा: छिद्रं कमी असतील, किंवा लवकर मिटत असतील, तर पाणी कमी वर चढेल, आणि मीठही कमी चढेल. दुष्काळ आणि क्षार या दोन वेगळ्या दुखण्यांवर एकच जनुक का चालू शकतं, त्याचं एक मोठं कारण हे.

आकडा हवा असेल तर हा घ्या. मातीतल्या पाण्याची क्षारता विद्युतवाहकतेवरून मोजतात. ती 3 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की भाताचं उत्पन्न घसरायला लागतं. समुद्राचं पाणी साधारण 50. आरओवाला घरी येऊन पाण्यात जो पेन बुडवतो ना, तो टीडीएस मीटर मुळात हीच वाहकता मोजतो आणि ती पीपीएममध्ये दाखवतो. काकांच्या शेतातल्या चरीत मी तो बुडवला. रीडिंग स्केलच्या बाहेर गेलं. "ह्याच्यासाठी मशीन आणलंस?" काका म्हणाले. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं होतं, माझ्या आधीच.

जनुकातलं एक वाक्य खोडलं

आता मूळ बातमीकडे. 2009 मध्ये शांघायच्या संशोधकांनी भातातलं डीएसटी हे जनुक शोधलं. हे जनुक चालू असतं तेव्हा रक्षक पेशींमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड साठू देत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड हा छिद्रं मिटवण्याचा इशारा. म्हणजे डीएसटी छिद्रं उघडी ठेवणाऱ्यांच्या बाजूचं. ते निकामी झालेल्या भातात दोन गोष्टी दिसल्या: छिद्रं जास्त मिटलेली राहत होती आणि पानावर त्यांची संख्याही कमी होती. असा भात दुष्काळ आणि क्षार दोन्हींत जास्त तग धरत होता.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत, जिला सगळे पुसा म्हणतात, विश्वनाथन चिन्नुसामी यांच्या गटाने हेच क्रिस्पर वापरून केलं. वाण निवडला एमटीयू 1010. आंध्रातल्या मारुतेरू केंद्राचा, बारीक दाण्याचा आणि दक्षिणेत लोकप्रिय. त्याच्या डीएसटी जनुकातला एक तुकडा कापून टाकला. 2020 मध्ये या गटाने प्रसिद्ध केलेल्या निबंधात दिसतं की एडिट केलेल्या रोपांची पानं रुंद झाली, छिद्रांची घनता घटली, पान सुकताना पाणी जास्त वेळ टिकलं आणि रोपावस्थेत क्षार चांगले सोसले. 'रोपावस्थेत' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बाहेरचं जनुक इथे घातलेलं नाही. कापणारी कात्री पुढच्या पिढ्यांतून वगळता येते. अशा प्रकारच्या एडिटिंगला 30 मार्च 2022 च्या केंद्राच्या आदेशाने जीएम पिकांच्या कडक नियमांतून सूट मिळाली. म्हणून बीटी कापसासारखी लांबलचक मंजुरी इथे लागली नाही. यावरच वाद आहे, तो येतोच.

एक छोटं वळण, कारण ते मला फार आवडलं. 'कमला' वाणात लोंबीला दाणे जास्त यावेत म्हणून एक वेगळं जनुक एडिट केलंय. 2013 मध्ये एका संशोधनात दिसलं होतं की डीएसटी हे जनुक त्याच दाण्यांच्या जनुकाला नियंत्रित करतं. म्हणजे जाहीर झालेले दोन वाण वरून वेगळे दिसतात, आत मात्र एकाच वायरिंगच्या दोन टोकांना हात लावलेला आहे. छिद्रं आणि दाणे इतके वेगळे विषय नाहीत.

30 टक्के, पण कोणापेक्षा?

सरकारी घोषणेत म्हटलंय की पुसा डीएसटी राइस 1 क्षारयुक्त आणि अल्कधर्मी जमिनीत 9.66 ते 30.4 टक्के जास्त उत्पन्न देतो. किनारपट्टीच्या खाऱ्या जमिनीसाठी यातला वरचा, म्हणजे तीस टक्क्यांचा आकडा सांगितला जातो. वसईच्या माणसाचे कान टवकारले पाहिजेत अशीच ही गोष्ट.

पण टक्के कोणाच्या तुलनेत? मूळ एमटीयू 1010 च्या. आणि तो वाण क्षाराला नाजूक म्हणूनच तर एडिटिंगसाठी निवडला होता. नवा फोन 'मागच्या मॉडेलपेक्षा 30 टक्के फास्ट' म्हणतात तेव्हा तुम्ही विचारता ना, की बाकीच्या कंपन्यांच्या फोनपेक्षा किती? इथेही तेच विचारायचं. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खारजमीन संशोधन केंद्र आहे. तिथे साध्या पारंपरिक पैदाशीतून पनवेल 1, पनवेल 2, पनवेल 3 असे क्षार सोसणारे भाताचे वाण तयार झालेत. नायगाव-जूचंद्रच्या शेतकऱ्यासाठी खरी तुलना त्यांच्याशी आहे. समजा, खाऱ्या शेतात एमटीयू 1010 ने दहा पोती दिली आणि नव्याने तेरा. आणि पनवेलच्या वाणाने त्याच शेतात चौदा दिली तर? तीस टक्क्यांचा दावा खरा राहील आणि शेतकऱ्याला उपयोग शून्य. उलटंही होऊ शकतं. पण ते शेजारी शेजारी लावल्याशिवाय कळणार नाही.

दुसरा मुद्दा रोपावस्थेचा. भात क्षाराला दोनदा सर्वांत हळवा असतो: कोवळं रोप असताना आणि फुलोऱ्यात. जूनमध्ये पाऊस मीठ धुऊन नेतो, त्यामुळे पहिला टप्पा इथे बऱ्याचदा निभावतो. घात होतो तो सप्टेंबरमध्ये पाऊस थांबला आणि भात निसवायला लागला तेव्हा. म्हणून वसईसाठी दुसऱ्या टप्प्याचे आकडे महत्त्वाचे, आणि लोकांसमोर ठळकपणे मांडायला हवेत ते हेच.

तिसरा, किमतीचा. कमी छिद्रांचं झाड चांगल्या वर्षी मागे पडतं का? बॅटरी सेव्हर कायमचा चालू ठेवला तर? इथे निसर्ग थोडा उदार आहे असं दिसतं. इंग्लंडच्या शेफिल्ड विद्यापीठाच्या गटाने 2018 मध्ये दुसऱ्या जनुकाने छिद्रं कमी केलेल्या भातावर काम केलं. त्याने पाणी कमी वापरलं, दुष्काळ-उष्णतेत जास्त टिकला आणि दाण्यात मोठी घट आली नाही. अर्थात ते नियंत्रित जागेत. तिथे बांध फुटत नाही आणि उघाडीचं झाकणही कोणी चोरून नेत नाही.

वाद म्हणालो तो हा. घोषणा झाली त्याच वर्षी 'कोअलिशन फॉर जीएम फ्री इंडिया' या गटाने आरोप केला की आयसीएआरच्याच समन्वित चाचण्यांच्या अहवालातले आकडे या दोन्ही वाणांबद्दलचे दावे सिद्ध करत नाहीत. आयसीएआरने ते फेटाळले. मी या गटासारखा एडिटिंगच्या विरोधात नाही. भातातलंच एक जनुक बंद केल्याने काही आभाळ कोसळत नाही, आणि मिठाने मरणाऱ्या पिकाला वाचवायला तंत्रज्ञान वापरू नये हे म्हणणं मला शहरात बसून काढलेलं वाटतं. पण आकड्यांबद्दल त्यांनी विचारलेला प्रश्न रास्त आहे. जनतेच्या पैशाने झालेल्या चाचण्या आहेत. कुठल्या शेतात, कुठल्या हंगामात, किती क्षारतेला, कोणत्या वाणांशेजारी, हे सगळं एका साध्या तक्त्यात मोबाईलवर उघडून वाचता आलं पाहिजे. आपण दोनशे रुपयांच्या इअरफोनचे वीस रिव्ह्यू वाचतो.

आणि बी? घोषणा झाली म्हणजे ते कृषी सेवा केंद्रात आलं असं नाही. पैदासकार बी, त्यातून पायाभूत बी, त्यातून प्रमाणित बी, प्रत्येक पायरीला हंगाम लागतो. शिवाय क्रिस्परची पेटंटं परदेशी संस्थांकडे आहेत. व्यापारी विक्रीआधी परवान्याचा प्रश्न सोडवावा लागतो. सोशल मीडियावर आत्ताच कोणी 'डीएसटी भाताचं बियाणं, किलोला इतके रुपये' अशी जाहिरात दाखवत असेल तर पैसे पाठवू नका. बियाण्याची पिशवी घेताना टॅग, बिल आणि लॉट नंबर पाहायचा, हा नियम जुनाच.

मुळांचं बोलायचं राहिलं. 2010 मध्ये भारतात 'सहभागी धान' नावाचा दुष्काळ सोसणारा वाण आला, हजारीबागच्या केंद्रातून, फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेसोबत. एडिटिंग वगैरे काही नाही, साधी पैदास, आणि शेतकऱ्यांच्या शेतात त्यांच्यासोबत चाचण्या. नावातच ते आहे. तो तग धरतो यात मुळांचा वाटा मोठा मानतात. दार बंद करणं हा एक मार्ग, विहीर खोल करणं हा दुसरा. पण वसईच्या खाजणात खाली गेलं की आणखी खारं पाणीच लागतं. म्हणून इथे दाराची, म्हणजे छिद्रांची, बाजू मला जास्त आशेची वाटते.

स्वतः बघायचं असेल तर

छिद्रं मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. मक्याचं किंवा ज्वारीचं पान घ्या, भातापेक्षा त्यावर हे सोपं जातं. पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर पानाच्या खालच्या बाजूला लावा, दहा मिनिटं पूर्ण वाळू द्या, वर सेलोटेप चिकटवून हळूच ओढा. पानाचा ठसा टेपवर येतो. तो काचेच्या पट्टीवर लावा. मोबाईलला लावायच्या क्लिप लेन्सने हे दिसत नाही, मी त्यावर एक अख्खी दुपार घालवली. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या गटाने बनवलेला फोल्डस्कोप, म्हणजे घडी घालायचा कागदी सूक्ष्मदर्शक, मोबाईलच्या कॅमेऱ्याला जोडला की दिसतं. शाळेतला सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तमच. सरळ रांगेत, शिस्तीत उभी असलेली डंबेलं. एकदा दिसली की मोजल्याशिवाय राहवत नाही.

मी काकांच्या भाताच्या पानाचाही ठसा घेतला. तिसऱ्या प्रयत्नात बरा आला. फोनवर झूम करून दाखवला, कुठलं उघडं, कुठलं मिटलेलं, नव्या वाणात ही कमी कशी असतात, सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग बांधापलीकडच्या एका पट्ट्याकडे बोट दाखवलं, जिथे भात गुडघ्याच्या वर गेलाच नव्हता.

"तुझ्या त्या दिल्लीवाल्यांना सांग," ते म्हणाले, "एक वाफा इथे लावा. त्याच्या बाजूला पनवेलचं बी मी लावतो. पाणी सारखंच, खार सारखाच. सप्टेंबरात येऊन बघा."

वाफ्याची जागा त्यांनी मला दाखवून ठेवली आहे. उघाडीपासून पन्नास पावलांवर.